आधी दोरी, मग चित्र

टॅबलेटवर चित्र काढायला शिकायला आलेल्या मुलांना मी सुरुवातीला ब्रशांच्या यादीकडे फिरकू देत नाही. आधी ‘ड्रॉइंग गाइड’ उघडायला लावतो. प्रोक्रिएट या ॲपमध्ये तिथे चार पर्याय ओळीने मांडलेले असतात : टू-डी ग्रिड, आयसोमेट्रिक, पर्स्पेक्टिव्ह आणि सिमेट्री. एकाला बोट लावलं की कोऱ्या पडद्यावर बारीक रेषांचं जाळं उमटतं. चित्र पूर्ण करून बाहेर काढलं की त्यात या जाळ्याचा मागमूसही नसतो. मुलं म्हणतात, “सर, सोय भारी केलीय.”

सोय खरोखरच चांगली आहे. पण मी कोल्हापुरात सिनेमाचे बोर्ड रंगवणाऱ्या पेंटरांच्या हाताखाली वाढलो, आणि त्या चार पर्यायांत मला चार कामकरी दिसतात : बोर्डवाला पेंटर, यंत्राचा आराखडा काढणारा, नाटकाचा पडदा रंगवणारा आणि अंगणात रांगोळी घालणारी बाई. या चौघांच्या गरजा वेगळ्या होत्या, म्हणून त्यांनी आखलेल्या रेषाही वेगळ्या. आज त्या सगळ्या एका काचेखाली शेजारी शेजारी आल्या आहेत. त्या कुठून आल्या हे सांगितल्याशिवाय मला त्या शिकवता येत नाहीत. प्रत्येक जाळं हे कुणाच्या तरी अडचणीवर सापडलेलं उत्तर आहे. अडचण माहीत नसेल, तर शिकणाऱ्याच्या हाती नुसत्या रेषा येतात.

ग्राफ पाडणे

टू-डी ग्रिड म्हणजे उभ्या-आडव्या रेषांच्या चौकटी. आमच्या धंद्यात याला ‘ग्राफ पाडणे’ म्हणायचे. थिएटरवाल्यांकडून नटनट्यांचे फोटो यायचे. समजा फोटो १० बाय ८ इंचांचा आहे आणि बोर्ड २० बाय १६ फुटांचा. फोटोवर एकेक इंचाच्या चौकटी, बोर्डावर दोन-दोन फुटांच्या; दोन्हीकडे ८०. वरच्या कडेला १, २, ३ असे आकडे, डाव्या कडेला क, ख, ग. मग ‘ग’ रांगेतल्या सातव्या चौकटीत हनुवटीची रेषा डावी बाजू कुठे कापते, अर्ध्यावर की एक तृतीयांशावर, तेवढंच बघायचं आणि तेवढंच उतरवायचं. चेहऱ्याच्या जागी चौकटीचे आणखी चार तुकडे करायचे, कारण डोळ्यात बोटभर फरक पडला तरी माणूस ओळखू येत नाही. कपडे, डोंगर, आकाश यांना मोठ्या चौकटी पुरत.

कापडावर या रेषा पट्टीने मारत नसत. कोळशाची पूड चोळलेली दोरी दोघांनी दोन टोकांना ताणून धरायची, तिसऱ्याने मधे चिमटीत उचलून सोडायची. एका फटक्यात वीस फुटांची सरळ रेष. रंगकाम चढलं की कोळसा त्याखाली दडायचा आणि उरलेला फडक्याने झटकायचा. सरस आणि सफेत्याचा हात दिलेलं कापड त्या दोरीखाली टणत्कार करायचं. मला दोरी धरायला उभं करत तेव्हा अण्णा, म्हणजे आमचे वडीलधारे पेंटर, एकच गोष्ट सांगत : दोरी ढिली तर नाक वाकडं.

त्या वेळी मला ग्राफ हा फक्त मोठं करण्याचा उपाय वाटे. त्याची खरी ताकद पुढे कळली. इंचाचे दोन फूट होतात तेव्हा लांबी २४ पट वाढते आणि क्षेत्रफळ ५७६ पट. एवढ्या मोठ्या चेहऱ्यासमोर परांचीवर उभ्या असलेल्या माणसाला चेहरा दिसतच नाही. त्याच्या डोळ्यांपुढे एक नाकपुडी असते किंवा कानाची पाळी असते. मागे सरकून बघायचं तर खाली उतरावं लागतं. चौकट त्याला सांगते, तू आत्ता कुठे आहेस. शिवाय चौकटीत झालेली चूक चौकटीतच राहते, पुढच्या रेषेपर्यंत पोचून साचत नाही. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे एकाच वेळी तिघे-चौघे वेगवेगळ्या चौकटींत हात चालवू शकतात. नवशिका पार्श्वभूमी भरतो, मधल्या फळीतला कपडे, उस्ताद चेहरा. ग्राफ हा त्या सगळ्यांमधला करार असतो.

कोल्हापूरला या कामाचा मोठा वारसा आहे. बाबूराव पेंटर आणि त्यांचे आतेभाऊ आनंदराव यांनी संगीत नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवून नाव मिळवलं. आनंदराव १९१६ मध्ये गेले. बाबूरावांनी पुढे महाराष्ट्र फिल्म कंपनी उभारली, १९२० मध्ये ‘सैरंध्री’ केला, आणि त्यांच्या १९२४ च्या ‘कल्याण खजिना’चं पोस्टर हे भारतीय सिनेमाच्या शिल्लक राहिलेल्या पोस्टरांत सगळ्यांत जुनं मानलं जातं. पंढरपुरात जन्मलेले मकबूल फिदा हुसेन १९३० च्या दशकात मुंबईत सिनेमाचे बोर्डच रंगवत होते. भिंतीएवढा घोडा एका दमात काढण्याचा त्यांचा जो झपाटा जगाने पुढे पाहिला, तो हात आधी परांचीवर तयार झाला होता.

पण चौकटी आखणारे पहिले लोक कोल्हापूरचे नव्हेत की मुंबईचेही नव्हेत. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये इजिप्तमधली एक लाकडी पाटी आहे. लाकडावर गुळगुळीत पांढरा लेप, त्यावर लाल रेषांच्या चौकटी, आणि त्या चौकटींत बसवलेली तिसऱ्या थुटमोस राजाची बसलेली आकृती. शेजारी चित्रलिपीतलं पाखराचं पिल्लू आणि पुन्हा पुन्हा गिरवलेला हात. शिकवण्याची पाटी असावी अशीच ती दिसते. राजांच्या दरीतल्या होरेमहेबच्या थडग्यात भिंतींचं काम अर्धवट राहिलं आहे, म्हणून सुमारे ३,३०० वर्षांपूर्वीची कामाची पायरी न् पायरी तिथे आजही बघता येते : आधी तांबडं रेखाटन, त्यावर उस्तादाची काळ्या रेषेतली दुरुस्ती, मग छिन्नी. तिथल्या कारागिरांची दोरी कोळशाऐवजी तांबड्या गेरूत बुडवलेली असे. फरक एवढाच.

इजिप्तच्या चौकटीत मात्र एक गोष्ट आमच्या ग्राफपेक्षा वेगळी होती. आमची चौकट फोटोच्या मापाची, त्यांची माणसाच्या मापाची. बाराव्या राजवंशापासून उभ्या माणसासाठी तळपायापासून कपाळावरच्या केसांच्या रेषेपर्यंत १८ चौकटी ठरून गेल्या. गुडघा सहाव्या रेषेवर, मान आणि खांदे जिथे मिळतात ती जागा सोळाव्या रेषेवर. आकृती बोटाएवढी असो नाहीतर देवळाच्या भिंतीएवढी, गुडघा सहाव्याच रेषेवर येणार. सव्विसाव्या राजवंशाच्या काळापर्यंत हे माप बदललं आणि वरच्या पापणीपर्यंत २१ चौकटी धरू लागले. म्हणजे चौकट ही नुसती नक्कल उतरवण्याची जागा नव्हती. माणूस कसा दिसावा याविषयी त्या समाजाने घेतलेला निर्णय तिच्यात साठवलेला होता.

आपल्याकडे तोच निर्णय तालमानात आहे. एक ताल म्हणजे १२ अंगुळं, चेहऱ्याची उंची एक ताल, आणि नवताल मूर्ती १०८ अंगुळांची. विष्णुधर्मोत्तर पुराणाच्या तिसऱ्या खंडातलं चित्रसूत्र पुरुषांचे पाच प्रकार सांगतं : हंस १०८ अंगुळं, भद्र १०६, मालव्य १०४, रुचक १०० आणि शशक ९०. मूर्तीच्या मधोमध वरून खाली सोडलेली उभी रेष म्हणजे ब्रह्मसूत्र. गवंड्याच्या ओळंब्याचं जे काम भिंतीत, तेच ब्रह्मसूत्राचं शरीरात. त्रिभंग मूर्तीत डोकं, छाती आणि कंबर या रेषेपासून किती हटली हे मोजून बाक ठरतो. गणपतीच्या कारखान्यात मातीच्या मूर्तीसमोर दोरीला वजन बांधून धरणारा कारागीर मी कितीदा पाहिला आहे. त्याने चित्रसूत्र वाचलेलं नसतं, पण ती रेष त्याला ठाऊक असते.

म्हणून वर्गात मी मुलांना ग्रिड चालू केल्यावर पहिला प्रश्न विचारतो : चौकट किती मोठी, आणि का? ॲप एक माप आपणहून देतं. बहुतेक मुलं तेच ठेवतात आणि त्यावर चित्र काढायला घेतात. ज्या चौकटीचा विषयाशी संबंध नाही ती डोळ्यांना नुसता त्रास देते. उभा माणूस काढायचा असेल तर आधी त्याच्या डोक्याचं माप धरा, तेवढी चौकट करा, मग उंचीत अशी किती डोकी बसतात ते मोजा. मापाची पट्टी सरकवायला बोटाचं एक काम, पण ती कुठे थांबवायची याचं उत्तर डोळ्यांनी द्यायचं असतं.

पडद्यावरचा खिळा

पर्स्पेक्टिव्हचा पर्याय उघडला की ॲप म्हणतं, पडद्यावर कुठेही टेकवा. टेकवलेल्या जागी एक बिंदू तयार होतो आणि त्यातून चहूकडे किरण फुटतात. असे तीन बिंदूंपर्यंत देता येतात. हा बिंदू म्हणजे पंधराव्या शतकातल्या फ्लॉरेन्सचं देणं. ब्रुनेलेस्की या स्थपतीने तो सिद्ध करून दाखवला. लिओन बत्तिस्ता आल्बेर्तीने १४३५ मध्ये चित्रकलेवर ग्रंथ लिहून त्याची रीत सांगितली. त्याच ग्रंथात त्याने विरळ विणीच्या एका कापडाचंही वर्णन केलं आहे. मधे मधे जाड दोरे विणून त्याच्या चौकटी पाडायच्या, ते चौकटीवर ताणून आपल्या आणि वस्तूच्या मधे उभं करायचं, आणि ज्या चौकटीत जे दिसेल ते कागदावरच्या त्याच चौकटीत उतरवायचं. जर्मनीत आल्ब्रेख्ट ड्यूररने १५२५ मध्ये मोजणीवरचं पुस्तक काढलं. त्याच्या मृत्यूनंतर १५३८ मध्ये निघालेल्या आवृत्तीत चौकटींच्या जाळीतून पाहत चित्र काढणाऱ्या माणसाचं लाकडी ठशाचं चित्र आहे. टॅबलेटच्या आधी सुमारे पाचशे वर्षं तो माणूस जाळी लावलेल्या खिडकीतून जग पाहत बसला होता.

फ्लॉरेन्समधल्या सांता मारिया नोव्हेल्ला चर्चमध्ये मासाच्चोचं ‘त्रिमूर्ती’ हे भित्तिचित्र आहे, १४२० च्या दशकाच्या उत्तरार्धातलं. त्यातली कमान खरीच भिंतीत खोल गेली आहे असं वाटतं. ओल्या गिलाव्यात टोकदार हत्याराने ओढलेल्या रेषा तिथे आजही दिसतात. मेरीच्या चेहऱ्यावर तर चौकटी कोरलेल्या आहेत. खोलीसाठी किरण आणि चेहऱ्यासाठी चौकटी : एकाच भिंतीवर दोन्ही गाइड, आणि दोन्हींची कामं वेगळी.

महाराष्ट्रात ही रीत कशी आली याचा एक धागा पेशव्यांच्या पुण्यात आहे. १७९० च्या दशकात इंग्रजांचा वकील चार्ल्स मॅलेट पुण्यात होता आणि जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार तिथे येऊन काम करत होता. त्या दोघांबरोबर गंगाराम चिंतामण तांबट या मराठी चित्रकाराने वेरूळच्या लेण्यांची रेखाटनं केली. त्यांचा मोठा संच आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहात आहे. तांबटांची रेखाटनं बघताना मला नेहमी वाटतं की दोन शिस्ती एका हातात भेटल्या आहेत. मूर्तीचं अंग आपल्या डोळ्याने पाहिलेलं, आणि लेण्याची खोली नव्याने शिकलेल्या रीतीने मांडलेली. पुढे १८५७ मध्ये मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्ट सुरू झालं आणि छायाभेद, मॉडेल ड्रॉइंग, भूमिती हे सगळं अभ्यासक्रमाचा भाग झालं. शासकीय रेखाकला परीक्षांमधून कर्तव्यभूमिती आणि अक्षरलेखन गावोगावच्या शाळांत पोचलं. कंपासपेटी घेऊन एलिमेंटरीच्या परीक्षेला बसलेली लाखो मराठी माणसं आज असतील. त्यांनी आखलेल्या त्या फिकट रेषांचं मूळ इथे आहे.

पण मला पर्स्पेक्टिव्ह पुस्तकातून कळलं नाही, पडद्यांमुळे कळलं. संगीत नाटकांत रस्त्याचा पडदा, महालाचा पडदा, जंगलाचा पडदा असे ठरलेले पडदे असत. जुने पडदे रंगवलेल्या एका वृद्ध पेंटरांकडे अण्णा मला घेऊन गेले होते. त्यांनी सांगितलेली युक्ती मी आजही शिकवतो. रस्त्याच्या पडद्यावर क्षितिजाची रेष रंगमंचावर उभ्या नटाच्या डोळ्यांच्या उंचीला धरायची, आणि त्या रेषेवर जिथे रस्ता मिळतो तिथे खिळा ठोकायचा. खिळ्याला दोरी बांधून प्रत्येक घराची पागोळी, प्रत्येक ओटा त्या दोरीने मारून घ्यायचा. क्षितिज फार वर नेलं तर प्रेक्षकाला वाटतं आपण गच्चीवरून बघतोय आणि नट जमिनीत रुतलाय. आणि रंगवलेली घरं मागे जाताना फार झपाट्याने लहान केली तर नट पडद्याजवळ गेला की घरांपेक्षा उंच होतो. म्हणून जाणता पेंटर पडद्यातली खोली जपून वापरायचा आणि नटाला पडद्यापासून दूर उभं राहायला सांगायचा. दुसरा बिंदू पडद्याबाहेर पडत असेल तर समोरच्या भिंतीत खिळा ठोकून दोरी खोलीभर ताणली जायची.

ॲपमध्येही बिंदू चित्राच्या चौकटीबाहेर ठेवता येतो. तो तसा बाहेर नेऊन ठेवल्याबरोबर इमारतींचा भडकपणा कमी होतो, कोपरे शांत होतात. मुलांना हे जादूसारखं वाटतं. मी त्यांना भिंतीतल्या खिळ्याची हकीकत सांगतो आणि मग विचारतो, तुमच्या चित्रात बघणारा कुठे उभा आहे? जमिनीवर, झाडावर, की गच्चीत? बिंदू टेकवणं म्हणजे बघणाऱ्याची जागा ठरवणं. ते ठरल्याशिवाय ओढलेले किरण घर उभं करत नाहीत.

तेरा ते सात

आयसोमेट्रिक जाळ्यात बिंदूच नसतो. एक उभी रेष आणि दोन्ही बाजूंना आडव्याशी ३० अंशांचा कोन करणाऱ्या दोन रेषा, एवढ्यावर ते चालतं. दूरची वस्तू लहान होत नाही, त्यामुळे तिन्ही दिशांची मापं चित्रावरूनच घेता येतात. केंब्रिजचे प्राध्यापक विल्यम फॅरिश यांनी १८२२ मध्ये ही रीत मांडली. त्यांची अडचण साधी होती. व्याख्यानात दाखवायला ते यंत्रांच्या प्रतिकृती सुट्या भागांतून जोडत आणि पुन्हा सोडवत. मदतनिसाला जोडणी समजावी असं चित्र त्यांना हवं होतं. सुंदर दिसण्यापेक्षा चूक न होणं महत्त्वाचं. आपल्या आयटीआयमध्ये मशिनिस्ट आणि ड्राफ्ट्समन होणारी मुलं ३०-६० च्या गुण्याने हेच काढायला शिकतात, आणि मोबाइलवरच्या कितीतरी खेळांतली गावं, शेतं, किल्ले याच जाळ्यावर बसवलेले असतात.

या जाळ्याचा एक भाऊ मात्र आपल्या दारात फार आधीपासून आहे. ठिपक्यांच्या रांगोळीचे दोन प्रकार असतात. एकात ठिपके समोरासमोर येतात, ‘११ ते ११’ असं म्हणतात. ती सरळ चौकट. दुसऱ्यात प्रत्येक ओळीचा ठिपका आधीच्या ओळीतल्या दोन ठिपक्यांच्या मधे येतो. ‘१३ ते ७’ म्हणजे मधली ओळ तेरा ठिपक्यांची, तिच्या वर आणि खाली बारा, अकरा असे कमी होत सातांवर थांबायचं. सगळे मिळून १२७ ठिपके आणि बाहेरची कड बरोबर षट्कोनाची. हे ठिपके जोडले तर होतात त्रिकोण, म्हणजे कागदावरच्या आयसोमेट्रिक जाळ्याचंच रूप, फक्त आडवं वळवलेलं. या जाळ्यात फूल सहा पाकळ्यांचं येतं, चौकटीच्या जाळ्यात चार किंवा आठ पाकळ्यांचं. घरातल्या बाईला हे आकड्यांवरून कळत असे. दिवाळी अंकात किंवा रांगोळीच्या पुस्तकात नुसतं ‘१५ ते ८’ वाचून ती अंगणात किती जागा लागेल ते सांगू शकायची. माझी आई शिरगोळ्याची रांगोळी चिमटीत घेऊन आधी मधली ओळ टाकायची आणि मग दोन्ही अंगांना उतरत जायची. ठिपक्यांचा कागद घरात नव्हता, पण तिचा हात त्या कागदाइतकाच नेमका होता.

चौथा पर्याय सिमेट्री, तोही रांगोळीचाच. एका बाजूला काढलं की दुसऱ्या बाजूला आपोआप उमटतं. मधे एक अक्ष, किंवा चार भाग, किंवा गोल फिरणारे आठ भाग. संगणकावर ही युक्ती जुनी आहे. १९८४ च्या मॅकिन्टॉशबरोबर आलेल्या, बिल ॲटकिन्सन यांनी लिहिलेल्या मॅकपेंटमध्ये ‘ग्रिड’ही होतं आणि ‘ब्रश मिरर्स’ही. रांगोळीत मात्र दुसरी बाजू हातानेच काढावी लागते. म्हणूनच त्या दोन बाजूंत जो किंचित फरक राहतो तो डोळ्याला गोड लागतो. मी मुलांना सिमेट्रीवर आकृती करायला देतो आणि मग गाइड बंद करून एक पाकळी नव्याने, हाताने काढायला सांगतो. ती एक पाकळी सगळ्या आकृतीत जीव आणते.

शिरोरेषेवरून खाली

चार पर्यायांत जे नाही त्याचाही इतिहास आहे, आणि तो आपल्याला जवळचा आहे. अक्षरांच्या रेषा. इंग्रजी अक्षरं खालच्या रेषेवर उभी राहतात. म्हणून बहुतेक डिझाइन सॉफ्टवेअर अक्षरांना खालच्या रेषेवरून मोजतात. देवनागरी वरच्या रेषेला लटकते. दुकानाची पाटी रंगवणारा पेंटर पहिली दोरी शिरोरेषेची मारतो, मग अक्षरांच्या पायाची. वर वेलांटी, मात्रा आणि रफारासाठी जागा राखायची, खाली उकारासाठी. ‘र्की’ आणि ‘द्रू’ एका पाटीवर आले तर वर-खाली दोन्हीकडे जागा लागते. ती आधी आखली नसेल तर शेवटचा उकार पाटीच्या चौकटीला टेकतो.

छापखान्यांनी ही अडचण धातूत सोडवली. जावजी दादाजी यांनी १८६९ मध्ये मुंबईत सुरू केलेल्या निर्णयसागर छापखान्याचे टाइप देशभर वाखाणले गेले, कारण वर-खाली जोडल्या जाणाऱ्या चिन्हांची जागा त्यांत फार विचाराने बसवली होती. पुढे बापूराव नाईक यांचा देवनागरी टायपोग्राफीवरचा ग्रंथ १९७१ मध्ये निघाला आणि कारागिरांच्या हातात असलेलं बरंचसं ज्ञान कागदावर आलं. र. कृ. जोशी यांनी संगणकासाठी देवनागरी घडवली. त्यांचा ‘मंगल’ हा फाँट कोट्यवधी संगणकांवर पोचला.

म्हणून ॲपमध्ये मराठी अक्षरलेखन करताना मी मुलांना तयार ग्रिडवर सोडत नाही. वेगळ्या लेयरवर पाच रेषा स्वतः आखायला लावतो : मात्रांची, शिरोरेषेची दुहेरी, पायाची, उकाराची. लहान-मोठ्या आकाराची दोन अक्षरं शेजारी आली तर ती खाली नाही, शिरोरेषेवर जुळवायची. आपल्या लिपीचं गाइड आपल्यालाच करून ठेवावं लागतं, आणि एकदा केलं की ते जन्मभर पुरतं.

दाखवणारी दोरी, ओढणारी रेष

दोरीच्या या लांब इतिहासात एक खरी कलाटणी १९६३ मध्ये आली. अमेरिकेत एमआयटीमध्ये आयव्हन सदरलँड या विद्यार्थ्याने ‘स्केचपॅड’ हा प्रबंध सादर केला. टीएक्स-२ नावाच्या संगणकाच्या पडद्यावर प्रकाशलेखणीने रेषा काढता येत. लेखणी आधीच्या रेषेजवळ किंवा बिंदूजवळ आली की संगणक तिला त्या रेषेवर नेऊन बसवी. दोन रेषा समांतर ठेव म्हटलं की तो त्या समांतर करून देई. तोपर्यंत हजारो वर्षं दोरी फक्त दाखवत होती, हात मात्र माणसाचा होता. इथे पहिल्यांदा रेष हाताला स्वतःकडे ओढू लागली.

आजच्या सगळ्या सॉफ्टवेअरमधलं ‘स्नॅप’ हे त्याचंच वंशज. १९८५ च्या पेजमेकरमध्ये स्तंभांच्या गाइडना मजकूर चिकटायचा. महाराष्ट्रात त्यावर आणि १९८९ पासून आलेल्या कोरलड्रॉवर डीटीपीच्या कितीतरी दुकानांचे संसार उभे राहिले. पट्टीवरून माउसने खाली ओढलेली तुटक रेष हीच आमच्या पिढीची नवी दोरी झाली. फोटोशॉपमध्ये गाइड आणि ग्रिड १९९६ च्या चौथ्या आवृत्तीत आले. मी डीटीपी शिकलो तेव्हा बोर्डांची कामं अजून चालू होती. मग फ्लेक्स छापणारी यंत्रं आली, फोटो हवा तेवढा मोठा आपोआप होऊ लागला, आणि ग्राफ पाडून चेहरा मोठा करण्याची गरज संपली. परांचीवरची माणसं एकेक करून दुसऱ्या कामांना लागली. काहींनी पाट्या रंगवल्या, काहींनी शाळांच्या भिंती, आणि काहींनी ब्रश कायमचा धुऊन ठेवला.

प्रोक्रिएटमध्ये ‘ड्रॉइंग असिस्ट’ चालू केलं की हात कुठेही वळला तरी रेष जाळ्याच्याच दिशेने जाते. क्रिता या मोफत सॉफ्टवेअरमध्येही असे सहायक आहेत. हे वाईट आहे असं मी म्हणत नाही. इमारत, फर्निचर, यंत्र काढताना मी ते निर्धास्त वापरतो, कारण तिथे सरळपणा हीच खरी गोष्ट आहे. माणसाच्या अंगावर, झाडावर, पाण्यावर मात्र मी ते बंद ठेवतो. जाळं दिसू दे, हाताला धरू नये. आमच्या ग्राफमध्ये चौकट सांगायची रेष कुठून आत येते आणि कुठून बाहेर जाते. त्या दोन टोकांमधला बाक पेंटरचा असायचा. त्या बाकातच अमिताभचा अमिताभ व्हायचा. असिस्ट चालू ठेवलं तर तो बाकही यंत्राचा होतो, आणि शिकणाऱ्याच्या मनगटात काहीच साठत नाही.

फ्लेक्सनंतरही ग्रिड संपलं नाही, याचं कारण आता मला स्पष्ट दिसतं. ग्राफ हा फक्त नकलेचा उपाय असता तर तो प्रोजेक्टर आणि छापखान्यापुढे टिकला नसता. तो टिकला, कारण मनातलं चित्र मांडताना कुठून सुरुवात करायची, माप कशाचं धरायचं, बघणारा कुठे उभा करायचा, हे प्रश्न यंत्र मोठं झालं म्हणून सुटत नाहीत. फोटोवरून उतरवणाऱ्याला उत्तर फोटोत मिळतं. स्वतःचं चित्र काढणाऱ्याला ते आधी आखावं लागतं.

कोल्हापूर, सांगली, सोलापूर, मुंबईत बोर्ड आणि पडदे रंगवलेले पेंटर अजून आहेत. त्यांच्यातले बरेचसे साठी-सत्तरी ओलांडलेले आहेत. दोरीला कोळसा किती चोळायचा, चेहऱ्यात पोटचौकटी कुठे पाडायच्या, पडद्याचं क्षितिज किती उंचीला धरायचं, हे ज्ञान त्यांच्या हातात आहे. त्यातलं फार थोडं कागदावर आलं आहे. दुसरीकडे टॅबलेट घेतलेली मुलं तालुक्या-तालुक्यांत आहेत आणि त्यांना रेषांचं जाळं तयार मिळालं आहे. कलाशिक्षकांनी या दोघांना एका वर्गात आणलं पाहिजे : एकदा खऱ्या कापडावर दोरी मारून, मग त्याच चित्राचा ग्राफ ॲपमध्ये मांडून. त्या पेंटरांचं काम करताना चित्रीकरण व्हावं आणि त्यावरून पाठ तयार व्हावेत. त्यासाठी फार पैसा लागत नाही. एक कापड, थोडा कोळसा, दोरी आणि ज्याच्याकडून शिकायचं त्या माणसाला मानाने दिलेलं बोलावणं, एवढं पुरतं. माझ्या वर्गात मी ते सुरू केलं आहे. इतरांनीही करावं, आणि याच पिढीत करावं.